रूट ४० वरची कॉफी

जून १९६१. चाड या नव्या देशाचे राजदूत आदम मलिक सो न्यूयॉर्कहून गाडीने वॉशिंग्टनला निघाले होते. वाटेत मेरीलँडमधे रूट ४० वर एका छोट्या हॉटेलात ते कॉफीसाठी थांबले. मिळाली नाही. कारण? कातडीचा रंग!

आता याची पार्श्वभूमी बघा. १९६० या एकाच वर्षात आफ्रिकेतले १७ देश स्वतंत्र झाले. देश नवे, पैसा कमी. त्यामुळे बर्‍याच देशांचा एकच माणूस अमेरिकेतला राजदूत आणि युनोतला प्रतिनिधी, असा डबल रोल करायचा. म्हणजे न्यूयॉर्क-वॉशिंग्टन सतत ये-जा. वॉशिंग्टनमधेही घर भाड्याने मिळेना. आणि तिकडे रशियाला आयता मुद्दा: बघा यांची लोकशाही!

आपल्यालाही हा अनुभव नवा नव्हता बरं का. १९५५ मधे ह्यूस्टनच्या विमानतळावर आपले राजदूत ग. ल. मेहता यांना रेस्टॉरंटमधे वेगळं बसवलं होतं.

केनेडी सरकारने यावर परराष्ट्र खात्यात एक छोटा विभागच काढला. प्रोटोकॉल प्रमुख अँजिअर बिडल ड्यूक, आणि खरी धावपळ करणारे पेद्रो सानहुआन. घरमालकांची मनधरणी, हॉटेलवाल्यांना विनवण्या, शाळा, न्हावी... थोडक्यात, हेल्पडेस्क. ड्यूकसाहेबांनी तर काळ्यांना मज्जाव करणारा आपला क्लबही सोडला.

पण आमच्या भाषेत सांगायचं तर हा पॅच होता. फक्त व्हीआयपी युजरसाठी. ऑगस्ट १९६१ मधे बाल्टिमोरच्या 'आफ्रो-अमेरिकन' वृत्तपत्राच्या पत्रकारांनी तो उघडा पाडला. आफ्रिकन झगे, भारी गाडी, आणि 'गोबान' नावाच्या अस्तित्वातच नसलेल्या देशाचे पाहुणे बनून तिघं रूट ४० वर गेले. काही हॉटेलांत चक्क अदबीने जेवण मिळालं! म्हणजे परदेशी काळा चालतो, घरचा चालत नाही.

मला सानहुआन आवडतात ते यासाठी, की त्यांना हे कळलं होतं. दारात उभ्या माणसाचा पासपोर्ट तपासून मग वाढायचं का? राजदूतांची सोय करायची असेल, तर सगळ्यांचीच करावी लागेल. म्हणून मेरीलँडमधे कायदा व्हावा यासाठी ते झटले. त्याच हिवाळ्यात 'कोर' या संघटनेचे कार्यकर्ते रूट ४० वर धरणं धरायला उतरले, तेव्हा कुठे बरीच हॉटेलं नमली. १९६३ मधे मेरीलँडचा कायदा आला, तोही आधी काही भागांपुरताच. देशभरचा कायदा १९६४ चा.

गंमत म्हणजे १४ नोव्हेंबर १९६३ ला केनेडींनी त्या भागातल्या नव्या महामार्गाचं उद्घाटन केलं. रूट ४० ला चक्क बायपास मिळाला. आठ दिवसांनी त्यांची हत्या झाली.

असो. भाड्याने घर शोधताना पहिल्यांदा आडनाव विचारलं जातं, तेव्हा मला हा रस्ता आठवतो. कंपनीचं नाव सांगितलं की आवाज बदलतो, काम होतं. माझं होतं. माझ्या मागे रांगेत उभ्या असलेल्याचं काय?