घटनेत नसलेली अट

अमेरिकेची राज्यघटना १७८७ साली फिलाडेल्फिया येथे तयार झाली, तेव्हा तिच्या सहाव्या कलमात एक लहानसे वाक्य घालण्यात आले. संघराज्यातील कोणत्याही अधिकारपदासाठी धर्माची कसोटी कधीही लावली जाणार नाही, असे ते वाक्य आहे. त्या काळी हे धाडसच होते. जी राज्ये एकत्र येऊन हे संघराज्य उभारीत होती, त्यांपैकी बहुतेकांच्या स्वतःच्या घटनांत अशी कसोटी होतीच. डेलावेअर राज्यात तर पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या त्रयीवर आपली श्रद्धा असल्याचे लेखी सांगितल्यावाचून अधिकारपदावर बसता येत नसे.

पुढल्याच वर्षी, १७८८ साली, नॉर्थ कॅरोलायनात ही घटना स्वीकारावी की नाही याचा खल चालला होता. विल्यम लँकेस्टर नावाच्या प्रतिनिधीने तेथे शंका काढली. आणखी चार-पाचशे वर्षांनी काय होईल ते कोणी सांगावे? या कलमाच्या आधाराने पोपचा अनुयायी किंवा एखादा मुसलमानही अध्यक्षाच्या खुर्चीवर बसू शकेल, असे त्याचे म्हणणे होते. कलमाचे समर्थन त्या सभेत जेम्स आयर्डेल यांनी केले. हे गृहस्थ पुढे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. त्यांनी धर्मस्वातंत्र्याचे तत्त्व तर मांडलेच. पण त्याबरोबर सभेला असाही दिलासा दिला की, ज्याला धर्मच नाही, किंवा ज्याचा धर्म आपल्याहून फार निराळा आहे, अशा माणसाच्या हाती अमेरिकेचे लोक आपले हक्क सोपवतील ही कल्पनाच करावयास नको. म्हणजे कायद्याने जे दार उघडले त्यावर मतदार पहारा ठेवील, हे कलमाचा कैवारीच सांगत होता. अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकांचा पुढील इतिहास वाचताना लँकेस्टरच्या भीतीपेक्षा आयर्डेल यांचा हा दिलासा अधिक ध्यानात ठेवावा लागतो.

पहारा लवकरच सुरू झाला. १८०० साली टॉमस जेफर्सन उभे राहिले, तेव्हा प्रतिपक्षाच्या वृत्तपत्रांनी मतदारांपुढे सरळ प्रश्न टाकला की, तुम्हांला देव मानणारा अध्यक्ष हवा की देव नसलेला जेफर्सन हवा? जेफर्सन निवडून आले. आपल्या श्रद्धेविषयी त्यांनी जाहीर खुलासा केला नाही. त्यांच्यानंतर मात्र असे मौन फार थोड्यांना परवडले. एक अलिखित रीत पडत गेली. अध्यक्षाने देव मानावा, ख्रिस्ती असावे, त्यातही प्रॉटेस्टंट असावे. पण धर्माचा बडेजाव मात्र करू नये. हे सारे कोणी कोणाला सांगत नसे आणि म्हणूनच त्यावर वादही होत नसे.

ही रीत प्रथम उघड्यावर आली ती ॲल स्मिथ यांच्या निमित्ताने. न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीत १८७३ साली जन्मलेला हा मुलगा. वडील वारल्यामुळे शाळा सुटली आणि तो मासळीबाजारात कामाला लागला. तेथून तो चार वेळा न्यूयॉर्क राज्याचा गव्हर्नर झाला. कारखान्यांतील कामगारांच्या सुरक्षिततेसाठी त्याने केलेले काम त्याच्या शत्रूंनाही नाकारता आले नाही. पण तो रोमन कॅथलिक होता. गोव्यातील आमच्या श्रोत्यांना कॅथलिक शेजारी म्हणजे काय हे सांगावयास नको. परंतु त्या काळच्या अमेरिकन खेड्यांतील पुष्कळ मतदारांनी कॅथलिक माणूस जवळून पाहिलेलाच नव्हता आणि न पाहिलेल्या माणसाविषयी काहीही खरे वाटू शकते.

१९२४ साली डेमोक्रॅटिक पक्षाचे अधिवेशन न्यूयॉर्कला भरले. कू क्लक्स क्लॅन या संघटनेचा नाव घेऊन निषेध करावा, हा ठराव तेथे अगदी निसटत्या फरकाने पडला. स्मिथ आणि त्यांचे प्रतिस्पर्धी मॅकॅडू यांच्यात १०३ वेळा मतदान होऊन शेवटी तिसऱ्याच माणसाची निवड झाली. १९२७ साली ‘अटलांटिक मंथली’ मासिकात मार्शल नावाच्या वकिलाने स्मिथ यांना उद्देशून जाहीर पत्र लिहिले. भाषा सभ्य होती. चर्चची आज्ञा आणि देशाची घटना यांत विरोध आला तर आपण काय कराल, हा त्यातील प्रश्न. स्मिथ यांनी पुढच्याच अंकात उत्तर दिले की, सार्वजनिक कार्यात इतकी वर्षे घालवली, पण मला असा विरोध कधी जाणवला नाही. ते उत्तर तयार करण्यास त्यांना साह्य केले जोसेफ प्रॉस्कॉअर या ज्यू स्नेह्याने. न्यूयॉर्क शहर कसे आहे हे समजण्यास एवढी एक गोष्ट पुरेशी आहे. आणि खेड्यांतील मतदाराला नेमके तेच शहर नको होते.

१९२८ साली टेक्सासमधील ह्यूस्टन येथे पक्षाने त्यांना उमेदवारी दिली. प्रचारासाठी त्यांची आगगाडी ओक्लाहोमातून जात असता वाटेवरच्या माळरानात जळते क्रूस उभे केलेले दिसले. हडसन नदीखालून नुकताच बोगदा झाला होता. स्मिथ यांचे त्या बोगद्याजवळचे छायाचित्र दाखवून हा रस्ता थेट रोमला पोपकडे जातो, असे सांगण्यात आले आणि लोकांनी ते मानले. नभोवाणीनेही घात केला. स्मिथ यांची न्यूयॉर्कच्या गल्लीतली बोली, ‘रेडिओ’ शब्दाचा त्यांचा विचित्र उच्चार, हे सारे घराघरांत ऐकू गेले. ज्या यंत्रापुढे बसून आपण बोलतो ते माणसाचे गाव आणि कूळ किती सहज उघडे करते, याचा विचार आम्हां बोलणाऱ्यांनी तरी करावा.

मतमोजणीत हूव्हर यांना निर्वाचकांची ४४४ मते पडली, स्मिथ यांना ८७. खुद्द न्यूयॉर्क राज्यही स्मिथ यांच्या हातून गेले. पराभव केवळ धर्मामुळे झाला असे म्हणणे चूक ठरेल. देशात सुबत्ता होती, आणि दारूबंदीला स्मिथ यांचा विरोध होता. त्या साली तो पक्ष कोणालाही उभे करून जिंकला नसता, असेच बहुतेक इतिहासकार मानतात. पण टेक्सास, फ्लॉरिडा, व्हर्जिनिया ही डेमोक्रॅटिक पक्षाची पिढीजात राज्ये फुटली, त्याचा उलगडा सुबत्तेने पुरता होत नाही.

येथे एक गंमत नमूद केली पाहिजे. हूव्हर हे क्वेकर पंथाचे होते. युद्ध निषिद्ध मानणारा हा पंथ. अध्यक्ष तर सेनादलांचा सरसेनापती! युद्धाचा प्रसंग आला तर आपण पंथाचे ऐकाल की घटनेचे, हा प्रश्न हूव्हर यांना कोणी फारसा विचारला नाही. बत्तीस वर्षांनी केनेडी यांच्याविरुद्ध उभे राहिलेले निक्सन हेही क्वेकर कुटुंबातले, आणि त्यांच्याही पंथाची कोणी चौकशी केली नाही. यावरून कसोटी खरोखर कशाची होती ते दिसते. ‘हा आपल्यातला आहे काय?’ एवढेच मतदार विचारीत होता. धर्मशास्त्र त्याला निमित्त म्हणून पुरत होते.

जॉन केनेडी यांनी हे ओळखले. मे १९६० मध्ये वेस्ट व्हर्जिनियात पक्षांतर्गत निवडणूक झाली. त्या राज्यात शंभरांत जेमतेम पाच कॅथलिक. केनेडी यांनी विषय टाळला नाही. आपण आरमारात दाखल झालो तेव्हा आपला धर्म कोणी विचारला नव्हता, असे ते खाणकामगारांच्या सभांतून सांगू लागले. मनातली गोष्ट अशी चव्हाट्यावर आल्यावर त्यांच्याविरुद्ध मत देणारा माणूस स्वतःच आरोपी ठरू लागला. घराण्याचा पैसाही पाण्यासारखा खर्च झाला, हे खरेच. पण सुमारे साठ टक्के मते मिळाली ती केवळ पैशाने नव्हे.

१२ सप्टेंबर १९६० रोजी ते ह्यूस्टनला, म्हणजे स्मिथ यांना जेथे उमेदवारी मिळाली त्याच शहरी, प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकांच्या सभेपुढे उभे राहिले. चर्च आणि राज्य यांची फारकत पूर्ण असावी, आपल्या सार्वजनिक निर्णयांत चर्च बोलणार नाही, आणि सद्सद्विवेकबुद्धी व देशहित यांत कधी मेळ बसेनासा झाला तर आपण पद सोडू, असे त्यांनी सांगितले. भाषण उत्तम होते. तरी त्यामागची विषमता डोळ्याआड करू नये. निक्सन यांना असे काही सांगावे लागले नाही. नोव्हेंबरात केनेडी विजयी झाले. पण देशभरच्या सुमारे पावणेसात कोटी मतांत फरक पडला तो सव्वा लाखाहूनही कमी. गॅलपच्या पाहणीप्रमाणे कॅथलिकांतील ७८ टक्के मते त्यांना पडली. धर्माने एका हाताने काढून घेतले, ते दुसऱ्या हाताने बरेचसे परत दिले. लँकेस्टरने चार-पाचशे वर्षांचा हिशेब केला होता, लागली १७२.

यानंतर अट नाहीशी झाली असे नाही. तिचे रूप पालटले. १९७६ साली जिमी कार्टर आपल्या श्रद्धेविषयी मोकळेपणाने बोलले आणि तेव्हापासून उमेदवाराने धर्म बाजूस ठेवावा याऐवजी तो उघड दाखवावा, ही अपेक्षा बळावली. डिसेंबर २००७ मध्ये मॉर्मन पंथाचे मिट रॉम्नी यांना टेक्सासमध्येच असे भाषण करावे लागले. पण केनेडी यांनी धर्म व राज्य यांत भिंत आहे म्हणून सांगितले, तर रॉम्नी यांना धर्मावाचून स्वातंत्र्य टिकत नाही म्हणून सांगावे लागले. ‘मॉर्मन’ हा शब्द त्यांनी सबंध भाषणात एकदाच उच्चारला. १९५८ साली नास्तिकाला मत देऊ म्हणणारे अमेरिकन गॅलपला शंभरांत १८ आढळले होते, २०१२ साली ते ५४ झाले. तरी आपण नास्तिक आहो असे सांगून त्या पदापर्यंत अद्याप कोणी पोचलेला नाही.

२००८ साली ओबामा हे मुसलमान असल्याची कुजबुज चालली. प्रतिपक्षातले असूनही त्यांना पाठिंबा देणारे जनरल कॉलिन पॉवेल तेव्हा म्हणाले की, ते ख्रिस्ती आहेत हे उत्तर बरोबर आहे. पण खरे उत्तर असे की, ते मुसलमान असते तर काय बिघडले असते? खुद्द प्रचारयंत्रणेला मात्र पहिल्या उत्तरावरच भागवावे लागले. आणि २०२० साली जो बायडन निवडून आले. ते केनेडींनंतरचे पहिले कॅथलिक अध्यक्ष. त्या वेळी पोपची आज्ञा मोडाल ना, असे त्यांना कोणी विचारले नाही. उलट २०२१ च्या जूनमध्ये अमेरिकेतील कॅथलिक बिशपांच्या परिषदेत, गर्भपाताला कायद्याची मुभा असावी म्हणणाऱ्या अशा नेत्यांना प्रभुभोजनाचा प्रसाद द्यावा की नाही, यावर वाद झडला.