पंडिता रमाबाई आणि ख्रिस्ती स्वातंत्र्याची दोन अंगे

'स्वतंत्र' या शब्दात तंत्राचा अभाव अभिप्रेत नाही. स्वतःचे तंत्र अभिप्रेत आहे. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात पौलाने हाच विवेक निराळ्या रीतीने सांगितला : लाभलेले स्वातंत्र्य देहवासनेस निमित्त होऊ नये, प्रीतीने परस्परांच्या सेवेस लागावे. या विवेकाची कसोटी महाराष्ट्रात ज्यांच्या चरित्रात विशेष स्पष्ट दिसते, त्या पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) होत.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेज येथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरचा सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार १९७७ मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाने प्रसिद्ध झाला. त्रैक्याच्या सिद्धांताविषयीची शंका, शाकाहाराचा आग्रह, क्रूसावर लॅटिनऐवजी संस्कृत शब्द असावेत ही इच्छा, हे सर्व त्यांत आहे. हे आडमुठेपण होय, असे जेराल्डिनबाईंस वाटे. रमाबाईंचे म्हणणे असे की, सदसद्विवेक आणि निर्णयबुद्धी ईश्वराने आपणांस दिली आहे. ती धर्माधिकाऱ्यांच्या स्वाधीन करणे हे नवे दास्यच ठरेल. येथे त्या आश्रित होत्या आणि अधिकार समोरच्या पक्षाकडे होता. म्हणून त्यांच्या स्वातंत्र्याचे रूप नकाराचे आहे.

पुण्यात ही स्थिती पालटली. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस निघालेले शारदासदन १८९० मध्ये पुण्यास आले. आता अधिकार रमाबाईंच्या हाती होता; आश्रित होत्या त्या विधवा मुली. संस्थेचे धोरण धर्मनिरपेक्ष होते व मुलींस आपापले आचार पाळण्याची मोकळीक होती. तथापि रमाबाईंच्या खाजगी प्रार्थनेस काही मुली येऊन बसू लागल्या. 'केसरी'ने टीकेची झोड उठविली. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर प्रभृती सल्लागारांनी संबंध सोडला. आपण कोणास बोलावले नाही आणि येणाऱ्यास दार लावून घेणारही नाही, ही रमाबाईंची भूमिका होती.

या वादाचा निर्णय करताना अभ्यासक बहुधा एका पक्षास दोष देऊन मोकळे होतात. प्रस्तुत लेखकास असे वाटते की, येथे दोन निराळे प्रश्न एकत्र मिसळले आहेत. वाँटेजला रमाबाईंनी ज्या तत्त्वाचा आश्रय केला, त्याच तत्त्वाने पुण्यातील मुलींनाही आपल्या बुद्धीने प्रार्थनेस बसण्याचा अधिकार पोचतो. परंतु जिच्या घरी अन्न, वस्त्र आणि विद्या मिळते, तिचे उघडे दारही आश्रितास आमंत्रणासारखे भासू शकते. ज्याच्या हाती सत्ता आहे, त्याच्या स्वातंत्र्यावर दुबळ्याच्या स्वातंत्र्याची मर्यादा पडते. सल्लागारांचा आक्षेप या अर्थी निराधार नव्हता. मात्र बंद दाराने मुलींचे स्वातंत्र्य वाढले असते, असेही म्हणता येत नाही. कारण त्या कोणत्या बाजूस वळतात हे ठरविण्याचा अधिकार मग पालकांकडेच राहिला असता.

पुढे १८९८ पासून केडगाव येथे रमाबाईंनी 'मुक्ति' या नावाने उघडपणे ख्रिस्ती संस्था चालविली. हेतू आरंभीच प्रकट असल्याने येथे संदिग्धतेस जागा उरली नाही. उत्तरायुष्यात त्यांनी हिब्रू व ग्रीक मुळांवरून बायबलचे सुबोध मराठी भाषांतर केले, तेही याच दृष्टीने अर्थपूर्ण ठरते. ग्रंथ वाचकाच्या हाती दिला की निर्णय त्याचा त्याच्याकडे जातो. वाँटेजला स्वतःसाठी मागितलेले स्वातंत्र्य दुसऱ्यास देण्याचा याहून निर्दोष मार्ग क्वचितच सापडेल.