मॅटप्लॉटलिबच्या आलेखात ‘चिखली’ची ‘चखिली’ का होते?

पायथॉनमध्ये आलेख काढायचा तर बहुतेक जण मॅटप्लॉटलिबच वापरतात. जॉन हंटर यांची ही लायब्ररी २००३ पासून मोफत उपलब्ध आहे. नावं रोमन लिपीत असतील तोवर सगळं सुरळीत चालतं. मराठी नावं घातली की मात्र दोन अडचणी येतात. त्या वेगवेगळ्या आहेत, पण लोक त्यांना एकच समजतात आणि पहिली सुटली की काम झालं असं मानतात.

पहिली अडचण लगेच दिसते. अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन येतात आणि ‘ग्लिफ २३०९’ सापडत नसल्याची सूचना येते. २३०९ हा युनिकोडमधला ‘अ’चा क्रमांक. म्हणजे ‘अमडापूर’ लिहायला गेलात आणि पहिल्याच अक्षराला गाडी अडली. लायब्ररीचा मूळ फॉन्ट डेजाव्हू सान्स, त्यात देवनागरी नाहीच. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी उतरवून घ्या, फॉन्ट मॅनेजरच्या ‘अ‍ॅडफॉन्ट’ने त्याची फाइल जोडा आणि ‘फॉन्ट डॉट फॅमिली’त त्याचं नाव द्या. २०२२ च्या ३.६ आवृत्तीपासून तिथे फॉन्टची यादीही देता येते. एकात अक्षर नसलं तर पुढच्या फॉन्टमधून घेतलं जातं.

इथे दोन गोष्टी हमखास नडतात. नोटोच्या झिपमध्ये ‘व्हेरिएबल’ फाइल असते, ती न घेता ‘स्टॅटिक’ फोल्डरमधली घ्या. आणि सीबॉर्नची ‘सेट थीम’ वापरत असाल तर फॉन्ट त्यानंतर ठरवा. आधी ठरवलेला फॉन्ट ती पुसून टाकते.

चौकोन गेले. आता दुसरी अडचण, आणि खरी मेख इथेच आहे.

बुलढाणा जिल्ह्यातल्या १३ तालुक्यांचा पावसाचा आलेख काढा. बुलढाणा, मेहकर, लोणार, खामगाव, शेगाव, मलकापूर ही नावं नीट दिसतील. चिखली तालुक्यातलं अमडापूर घातलंत तर तेही नीट दिसेल. पण खुद्द ‘चिखली’ची ‘चखिली’ होईल, ‘सिंदखेड राजा’ची वेलांटी ‘स’ सोडून ‘द’च्या डोक्यावर जाईल आणि ‘संग्रामपूर’मधला ‘ग्र’ फुटून ‘ग्‌र’ होईल. १३ पैकी १० नावं बरोबर, ३ चूक. एवढ्या चुका घाईत नजरेतून सुटतात आणि आलेख व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जातो. मग चर्चा पावसाची न होता शुद्धलेखनाची होते. आकडे बरोबर असूनही कोणी विश्वास ठेवत नाही.

कारण साधं आहे. युनिकोडमध्ये ‘चि’ साठवताना आधी ‘च’ आणि मग वेलांटी असते. दाखवताना वेलांटी आधी आणायची, अर्धी अक्षरं जोडायची, रफार वर चढवायचा, हे काम ब्राउझरमध्ये हार्फबझसारखं वेगळं सॉफ्टवेअर करतं. मॅटप्लॉटलिबच्या ३.१० पर्यंतच्या आवृत्त्या ते करत नाहीत, एकामागून एक चिन्हं मांडत जातात. त्यामुळे फॉन्ट कितीही बदला, फरक पडत नाही. ‘अमडापूर’मध्ये ऱ्हस्व वेलांटी नाही, जोडाक्षर नाही, म्हणून ते सुखरूप राहतं. चाचणी घ्यायची तर ‘चिखली’ आणि ‘पर्जन्य’ या शब्दांवर घ्या. नवी आवृत्ती असली तरी.

काही जण वेलांटी हाताने अक्षराच्या आधी टाइप करतात. हे करू नका. जोडाक्षरं तशीच तुटलेली राहतात आणि बिघडलेलं नाव नंतर शोधूनही सापडत नाही.

सर्वांत सोपी वाट म्हणजे ‘एसव्हीजी डॉट फॉन्टटाइप’ला ‘नन’ हे मूल्य देऊन आलेख एसव्हीजीत साठवणं. मग मजकूर चित्र न होता मजकूरच राहतो आणि ब्राउझर तो नीट जुळवतो. अट एकच, तो फॉन्ट त्या संगणकावर हवा. व्हॉट्सअ‍ॅपवर एसव्हीजी फोटोसारखी दिसत नाही, म्हणून इंकस्केपमध्ये उघडून पीएनजी काढा. पायथॉनमधूनच थेट पीएनजी हवं असेल तर ‘एमपीएलकैरो’ हा पर्यायी बॅकएंड आहे. राक्म या लायब्ररीच्या मदतीने तो जोडाक्षरं जुळवतो, पण बसवायला जरा खटपट पडते.

माहिती जुन्या एक्सेलमधून, कृतिदेवसारख्या फॉन्टमधली असेल तर वरचं काहीच लागू नाही. ती मुळात रोमन अक्षरंच असतात. आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या.

राहिल्या किरकोळ गोष्टी. ‘देऊळगाव राजा’, ‘जळगाव जामोद’ ही लांब नावं उभ्या स्तंभांखाली एकमेकांवर चढतात, त्यामुळे आडवे स्तंभ काढा आणि उभा अक्ष उलटा करा, नाहीतर यादीतलं पहिलं नाव तळाला जातं. कडेची नावं कापली गेली तर ‘कन्स्ट्रेन्ड लेआउट’ लावा. कोरं चित्र साठवलं जात असेल तर ‘सेव्हफिग’ ही ओळ ‘शो’च्या आधी हलवा. अक्षावरचे आकडे मराठीत हवे असतील तर ‘फंकफॉरमॅटर’मध्ये 0 ते 9 च्या जागी ० ते ९ घालणारं छोटं फंक्शन द्या. मोबाइलसाठी ६ बाय ६ इंच आणि १८० डीपीआय पुरे, म्हणजे १०८० पिक्सेलचं चौकोनी चित्र मिळतं.