ओळी वाकड्या दिसू लागल्या, तर मोतीबिंदू समजून थांबू नका

साठी ओलांडल्यावर अक्षरे पुसट दिसू लागली, की ‘मोतीबिंदू असेल, पुढे बघू’ असे म्हणून तपासणी लांबणीवर टाकली जाते. मोतीबिंदूच्या बाबतीत काही महिन्यांच्या विलंबाने सहसा फारसे बिघडत नाही. शस्त्रक्रियेनंतर पुन्हा स्पष्ट दिसते. मात्र याच वयात दृष्टी मंदावण्याचे दुसरेही एक कारण असू शकते. त्यात गमावलेली दृष्टी बहुधा परत मिळत नाही.

डोळ्याच्या मागील पडद्याच्या, म्हणजे दृष्टिपटलाच्या मध्यभागी ‘मॅक्युला’ हा अवघ्या काही मिलिमीटरचा भाग असतो. वाचणे, सुई ओवणे, चेहरे ओळखणे ही कामे त्याच्याच बळावर होतात. वाढत्या वयात त्याची झीज होते, तेव्हा त्या विकाराला ‘एज रिलेटेड मॅक्युलर डीजनरेशन’ (एएमडी) म्हणतात. कोरड्या प्रकारात ही झीज वर्षानुवर्षे सावकाश होते. ओल्या प्रकारात दृष्टिपटलाखाली नाजूक रक्तवाहिन्या निर्माण होऊन त्यांतून द्रव किंवा रक्त झिरपते आणि काही आठवड्यांतच मधली नजर जाऊ शकते. कोरड्या प्रकाराचे रूपांतर ओल्यात होऊ शकते, म्हणून लक्ष ठेवणे आवश्यक ठरते.

एका डोळ्यातील दोष दुसरा निरोगी डोळा झाकून टाकतो. त्यामुळे नेत्रतज्ज्ञ प्रत्येक डोळ्याची दृष्टी तक्त्यावर स्वतंत्रपणे तपासतात. त्यानंतर स्विस नेत्रतज्ज्ञ मार्क अॅम्सलर यांच्या नावाने ओळखला जाणारा चौकटींचा तक्ता दाखवला जातो. त्याच्या मध्यबिंदूकडे एका डोळ्याने पाहताना रेषा वाकड्या वा तुटक दिसल्या, किंवा मध्येच काळसर डाग दिसला, तर मॅक्युलामध्ये बिघाड असल्याची शंका येते.

पुढच्या टप्प्यात थेंब घालून बाहुली मोठी केली जाते व विशेष भिंगातून दृष्टिपटल पाहिले जाते. तेथे साचलेले पिवळसर ठिपके, म्हणजे ‘ड्रूसेन’, ही या विकाराची प्रारंभिक खूण होय. थेंबांमुळे काही तास अंधुक दिसते. म्हणून सोबत कोणाला तरी न्यावे आणि स्वतः वाहन चालवू नये.

१९९१ मध्ये प्रथम मांडल्या गेलेल्या ‘ओसीटी’ तंत्राने निदान पुष्कळ सोपे झाले. प्रकाशकिरणांच्या साह्याने, डोळ्याला स्पर्शही न करता, दृष्टिपटलाच्या थरांचे उभे छेदचित्र काही मिनिटांत मिळते व त्यात साठलेला द्रव स्पष्ट दिसतो. गरज भासल्यास हाताच्या शिरेतून रंगद्रव्य देऊन अँजिओग्राफी करतात. गळणारी रक्तवाहिनी नेमकी कोठे आहे, हे तीतून कळते.

ओल्या प्रकारावर डोळ्यात इंजेक्शने दिली जातात. ती वेळेवर सुरू झाल्यास उरलेली दृष्टी बहुतेकांच्या बाबतीत टिकवता येते, काहींची सुधारतेही. मोतीबिंदू आणि एएमडी एकाच डोळ्यात असू शकतात. अशा वेळी केवळ मोतीबिंदू काढून अपेक्षित दृष्टी मिळत नाही. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी दृष्टिपटलाची तपासणी महत्त्वाची ठरते.

पन्नाशीनंतर, विशेषतः धूम्रपान करणाऱ्यांनी व घरात हा विकार असलेल्यांनी, ठरावीक काळाने दृष्टिपटल तपासून घ्यावे. घरीही अधूनमधून चष्मा लावून, एकेक डोळा झाकून खिडकीचे गज किंवा फरशीच्या रेषा पाहाव्यात. सरळ रेषा अचानक वाकडी दिसली, तर पुढच्या महिन्याची वाट न पाहता त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञांना गाठावे.