अनंताची हजेरी



नर्मदेच्या काठी, अक्कलकुवा तालुक्यात मणिबेली नावाचे गाव आहे. सरदार सरोवराचे पाणी चढू लागले तेव्हा महाराष्ट्रातील जी गावे त्यात सापडली, त्यांत हे पहिले. ते साल 1993. बुडणारी कुटुंबे किती, हा वाद त्या खोऱ्यात वर्षानुवर्षे चालला. पण मोजणी करणाराच्या हाती वही येण्यापूर्वीच निम्मा हिशेब ठरून गेला होता. नर्मदा जलतंटा लवादाच्या 1979 च्या निवाड्यात एक लहानसे कलम आहे : प्रत्येक सज्ञान मुलगा वेगळे कुटुंब धरावा. बापाच्या नावाखाली झाकलेले मुलगे त्या कलमाने वेगळे उभे राहिले. मुलींचा उल्लेख त्यात नाही, हेही ध्यानात ठेवावे. कोणाला कोणापासून वेगळे धरायचे हे ठरल्यावाचून ‘किती’ या प्रश्नाला अर्थ येत नाही. आज ज्या गणिताचा इतिहास मी सांगणार आहे, त्याची पहिली अट हीच आहे.

मी गणिताचा पंडित नव्हे. दिवस कामगार संघटनेत गेले आणि गणित रात्री वाचनालयात बसून वाचले. पण न मोजता मोजण्याची युक्ती मी गिरणीच्या फाटकावरच शिकलो. खिळ्यावर बिल्ला उरला नाही आणि बिल्ल्यावाचून माणूस उरला नाही, की दोन्ही सारखे. शंभरापर्यंत आकडे न येणाऱ्यालाही ते कळते.

हीच युक्ती वीरसेनाचार्यांनी 816 साली पुऱ्या केलेल्या ‘धवला’ टीकेत आहे. हा प्रचंड जैन ग्रंथ हिरालाल जैन यांनी 1939 पासून आपल्या अमरावतीहून छापून प्रसिद्ध करण्यास आरंभ केला, आणि लखनौचे अवधेश नारायण सिंह यांनी 1942 च्या चौथ्या खंडात त्यातील गणित उलगडून दाखवले. एका राशीत जीव, दुसऱ्या राशीत अनंत कालचक्रांचे क्षण. दोन्हींतून एकेक काढीत जावे. क्षण संपतात, जीव उरतात. म्हणजे अनंतातही लहानमोठे आहे! त्याच ग्रंथात ‘अर्धच्छेद’ आहे. 32 चे अर्धे पाच वेळा करता येते, म्हणून 32 चे अर्धच्छेद 5. उलट, 5 हाती असतील तर 2 ला पाच वेळा गुणून 32 मिळतात. तेवढ्यावरून सारे आधुनिक गणित आमच्या पूर्वजांना ठाऊक होते असे मात्र कोणी म्हणू नये. वीरसेनांचा अनंत धर्मशास्त्रातला आहे. सिद्धता जर्मनीच्या कँटर यांनी दिली. रेषेवरील बिंदूंना एक, दोन, तीन असे क्रमांक देऊन ते कधीच पुरे होत नाहीत, हे त्यांनी 1874 साली दाखवले. क्रमांक देता येणारे अनंत ते ‘गणनीय’. गणनीय इतक्या प्रश्नांना हो-नाही अशी उत्तरे देण्याचे जितके प्रकार, तितके रेषेवर बिंदू. इथेही 2 चा घातच आला.

आता टोपॉलॉजी, म्हणजे संस्थितिशास्त्र. यात अंतर मोजीत नाहीत. प्रत्येक बिंदूचे लहानमोठे परिसर कोणते, एवढेच सांगतात. रशियाच्या अलेक्सांद्रोव आणि उरीसोन या दोघा तरुण मित्रांनी विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात एक प्रश्न टाकला. अटी तीन. कोणत्याही दोन बिंदूंना एकमेकांत न मिसळणारे परिसर देता यावेत. प्रत्येक बिंदूला त्याचे स्वतःचे असे गणनीय परिसर असावेत, की त्याचा कोणताही परिसर घ्या, त्यांपैकी एखादा त्याच्या आत बसावाच. आणि सर्व अवकाश कितीही परिसरांनी झाकला, तरी त्यांतले मोजके परिसर झाकण्यास पुरावेत. अशा अवकाशात बिंदू फार तर किती? रेषेवरच्यांहून अधिक असू शकतील काय?

पहिली अट काढून पाहा. सर्वांचा मिळून एकच परिसर, स्वतःचा कोणालाच नाही, अशा वसाहतीत हवे तितके बिंदू कोंबता येतात आणि बाकीच्या दोन्ही अटी बिनबोभाट पाळल्या जातात. वेगळेपण नाही तिथे मर्यादाही नाही.

उरीसोन 1924 साली ब्रिटनीच्या किनाऱ्यावर पोहताना बुडाले. वय अवघे 26. सोबत अलेक्सांद्रोव होते. प्रश्न मागे राहिला. अडचण अशी, की प्रत्येक बिंदूचे परिसर त्याच्यापुरते. सर्वांची मिळून एक नोंदवही नाही. पोस्पिशिल यांनी 1937 साली, द ग्रोट यांनी 1965 साली, हाय्नाल व युहास या हंगेरियन जोडीने 1967 साली निरनिराळ्या मापांवरून मर्यादा काढल्या. या प्रश्नाला मात्र त्या पुरल्या नाहीत. तो 1969 साली सुटला. सोडवणारे अर्हांगेल्स्की तेव्हा तिशी नुकतीच ओलांडलेले, आणि खुद्द अलेक्सांद्रोवांचे शिष्य. गुरू हयात होते. उत्तर : अधिक नाहीत. शिवाय ‘मोजके पुरावेत’ या जागी ‘गणनीय पुरावेत’ एवढी सैल अटही चालते, हे त्यांनी दाखवले.

पोलंडच्या रोमान पोल यांनी 1974 साली जी आखूड सिद्धता दिली, ती मला आमच्या सभासद नोंदणीसारखी वाटते. थोड्या बिंदूंची यादी करा. त्यांच्या परिसरांतून मोजके निवडा. त्यांनी सर्व अवकाश झाकला नसेल, तर बाहेर राहिलेला एक बिंदू यादीत घ्या. अशी प्रत्येक निवड तपासा. यादीला अगदी लगटून असलेलेही आत घ्या, आणि हेच टप्प्याटप्प्याने लांबवर चालवा. दुसऱ्या अटीमुळे यादी रेषेच्या मापाबाहेर जात नाही. आता समजा, एवढे करूनही एक बिंदू बाहेर आहे. पहिल्या अटीने यादीतल्या प्रत्येकाला त्या उपऱ्याला वगळणारा परिसर मिळतो. तिसरीने त्यांतले मोजकेच सबंध यादी झाकतात. पण ही मोजकी निवड आपण कोणत्या तरी टप्प्यावर तपासली होती. ती अवकाश झाकीत नाही म्हणून तिच्या बाहेरचा एक बिंदू यादीत घेतलाही होता. तो यादीत आहे आणि झाकला गेलेला नाही, हे कसे? तेव्हा बाहेर कोणी नव्हतेच. यादी पुरी झाली होती.