चांगआनच्या पॅगोड्यापाशी

चीनमधील शिआन हे शहर म्हणजे थांग राजवटीची राजधानी चांगआन. तेथील एका प्राचीन विहाराच्या आवारातील सात मजली पॅगोडा पाहण्याचा योग आम्हांस आला. ‘मोठा रानहंस पॅगोडा’ या नावाने प्रसिद्ध असलेली ही विटांची चौकोनी वास्तू सुमारे ६४ मीटर उंच असून वर वर निमुळती होत जाते. तिचा इतिहास आपल्याशी निगडित आहे.

भिक्षू ह्युएनत्संग राजाज्ञा मोडून, लपतछपत भारताच्या वाटेला लागला. इ. स. ६४५ मध्ये तो परतला तेव्हा वीस घोड्यांवर लादलेले ६५७ ग्रंथ त्याच्याबरोबर होते, आणि आता राजधानीने त्याचा गौरव केला. हे ग्रंथ सुरक्षित राहावेत म्हणून त्याने ६५२ मध्ये पॅगोड्याचे काम आरंभिले. त्याने स्वतः विटा वाहिल्या, असे त्याच्या चरित्रात नमूद आहे. मूळचे पाच मजले लवकरच ढासळले. सम्राज्ञी वू हिच्या काळात, ७०१ ते ७०४ या वर्षांत, पॅगोड्याची पुनर्बांधणी झाली. १५५६ च्या भूकंपातही त्याची हानी झाली. ह्युएनत्संग मात्र ६६४ मध्ये निधन पावेपर्यंत भाषांतरातच गढून गेला होता. ‘महाविभाषा’ हा संस्कृत ग्रंथ आज केवळ चिनी भाषांतरामुळे संपूर्ण उपलब्ध आहे.

याच भिक्षूने ६४१ च्या सुमारास दुसऱ्या पुलकेशीचे महाराष्ट्र राज्य पाहिले. येथील लोक साधे, मानी, उपकार स्मरणारे आणि अपमानाचा सूड घेणारे आहेत. परंतु सूड घेण्यापूर्वी ते शत्रूला सूचना देतात, असे त्याने लिहिले. हर्षालाही हे राज्य जिंकता आले नाही, याची नोंद त्याने केली. तशीच युद्धापूर्वी वीर मद्य पितात आणि हत्तींनाही पाजतात, याचीही. त्याने वर्णिलेला डोंगरातील विहार अजिंठ्याचाच असावा, असे विद्वान मानतात.

“त्यानं आपल्याबद्दल चांगलं लिहिलंय ना?” आमच्या मुलीने पायऱ्या उतरताना विचारले. परप्रांतात वाढलेल्या मुलांना महाराष्ट्राचे गुणगान तेवढे ऐकविण्याची आम्हांस सवय. आम्ही तिला मानीपणा सांगितला, आणि मद्य प्यायलेले हत्तीही सांगितले. ती मनापासून हसली आणि पुढचे ऐकू लागली. सुवर्णमहोत्सवी अंकासाठी हे लिहिताना आम्हांस तिचा तो प्रश्न आठवतो. पन्नास वर्षांचा वृत्तान्त आपणही असाच, काही न वगळता, मुलांच्या हाती द्यावा.