दिवसातली तीन-चार मिनिटं : घरकामातूनच हृदयाची काळजी

नालवाडी हे वर्धा शहराला अगदी लागून असलेलं गाव. इथल्या आपल्या माय-बहिणी फजरपासून ईशापर्यंत कामात असतात. व्यायामाचं विचारलं तर उत्तर ठरलेलं : वेळ कुठे आहे, आणि रस्त्यावर एकटं फिरायला कोण जाणार? दोन्ही अडचणी खऱ्या आहेत. म्हणून आम्ही इथे घराबाहेर न पडता करता येईल तेवढंच सांगतो.

ब्रिटनमधल्या ४० ते ७९ वयाच्या लोकांचा एक अभ्यास २०२४ च्या डिसेंबरमध्ये प्रसिद्ध झाला. मनगटावरच्या यंत्राने त्यांची हालचाल मोजली होती. वेगळा व्यायाम न करणाऱ्या, पण रोजच्या कामात सरासरी ३.४ मिनिटं चांगला दम लागेल अशी हालचाल होणाऱ्या स्त्रियांमध्ये हार्ट अटॅकचं प्रमाण ५१ टक्के कमी दिसलं. ही तुलना अशी हालचाल अजिबात न होणाऱ्या स्त्रियांशी होती. पुरुषांमध्ये एवढा स्पष्ट फरक दिसला नाही. हे फक्त निरीक्षण आहे आणि तेही परदेशातलं, तेव्हा आकडे जसेच्या तसे आपल्याला लावू नयेत. पण दिशा पटण्यासारखी आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२० मध्ये ‘सलग १० मिनिटं तरी हवीत’ ही जुनी अट काढून टाकली.

दिवसभर उभं राहून पोळ्या लाटल्या, भांडी घासली तर थकवा येतो, दम लागत नाही. हवा तो दम. एखादं मिनिट असं, की बोलताना दोन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागेल. जिना भरभर चढणं, पाण्याची बादली घेऊन झपाझप चालणं, अंगणात जोरात झाडू मारणं, नातवंडांमागे पळणं. दिवसातून तीन-चार वेळा पुरे. काहीजणी म्हणतात, पाच वेळची नमाज आहे ना! रुकू-सजद्याने सांधे मोकळे राहतात हे खरं, पण नमाज ही इबादत आहे, ती घाईने उरकायची नसते.

सुरुवात हळू करा. विदर्भातल्या उन्हाळ्यात सकाळी लवकर किंवा मगरिबनंतर, रमजानमध्ये इफ्तारनंतर. बीपी, शुगर किंवा हृदयाचा त्रास असेल, गरोदर असाल तर आधी डॉक्टरांना विचारा.

आणखी एक, कारण इथेच जास्त चूक होते. बायकांच्या हार्ट अटॅकमध्ये छातीत कळ येतेच असं नाही. जबडा किंवा पाठ दुखणं, मळमळ, घाम, एकदम गळून जाणं एवढंच दिसू शकतं, आणि घरातले ‘गॅस झाला’ म्हणून सोडा पाजतात. अशा वेळी थांबू नका, १०८ ला फोन करा. वर्ध्यात जिल्हा रुग्णालय आहे आणि जवळच सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालय. तिशीनंतर बीपी-शुगरची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. आशाताईंना विचारलं की त्या दिवस सांगतात.